हाइन्रिख गेट्के : एका खडकावरील पन्नास वर्षें

रब्बीचा जोंधळा हुरड्यावर आला म्हणजे आपल्या दख्खनच्या माळांवर भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. काळें डोकें, काळे पंख आणि गुलाबी अंग अशा या पांखरांचा कलकलाट आमच्या खेड्यांतील विद्यार्थ्यांच्या चांगला परिचयाचा आहे. माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणाऱ्या शेतकऱ्यास त्यांचें कौतुक वाटत नाहीं, आणि तें साहजिकच आहे. परंतु हीच भोरडी एखादे वर्षीं वाट चुकून पश्चिम युरोपाच्या समुद्रकांठीं एकटीच उतरली, तर तिला पाहण्यासाठीं लोक दूरदूरच्या गांवांहून धांव घेतात व तिची तारीखवार नोंद ठेवतात. पक्षी एकच, एके ठिकाणीं तो उपद्रव, तर दुसऱ्या ठिकाणीं तें नवल! आपल्या नेहमींच्या प्रदेशापासून दूर सांपडणारा असा भटका पक्षी केवळ नवल म्हणून सोडून द्यावयाचा, कीं त्यापासून कांहीं शिकावयाचें, हा प्रश्न ज्या पुरुषानें आपल्या आयुष्याचीं पन्नास वर्षें वेंचून जगापुढें मांडला, त्याचें चरित्र आम्ही यंदा आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

हाइन्रिख गेट्के यांचा जन्म ता. १९ मे १८१४ रोजीं प्रशियाच्या राज्यांतील प्रिट्झवाल्क नांवाच्या लहानशा गांवीं झाला. त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता. समुद्राचीं चित्रें काढावीं, लाटांचे व ढगांचे रंग प्रत्यक्ष पाहून कागदावर उतरावे, या हेतूनें ते सन १८३७ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, हेलिगोलंड बेटावर आले. चित्रें पुरीं झालीं म्हणजे परत जावें, असा तरुण चित्रकाराचा बेत असतो. परंतु गेट्के यांच्या बाबतींत तसें झालें नाहीं. त्या खडकानें त्यांस जें धरून ठेवलें, तें अखेरपर्यंत. साठ वर्षांनंतर त्यांनीं देह ठेवला तोही तेथेंच.

हेलिगोलंड हें बेट तरी केवढें! उत्तर समुद्रांत, जर्मनीच्या किनाऱ्यापासून सुमारें तीस मैलांवर, तांबड्या दगडाचा एक ताशीव कडा उभा आहे. त्याची उंची सुमारें दोनशें फूट व लांबी जेमतेम मैलभर. जवळच वाळूचें एक ठेंगणें बेट आहे. तें पूर्वीं मुख्य खडकास जोडलेलें होतें, पण अठराव्या शतकाच्या आरंभीं एका मोठ्या वादळांत समुद्रानें मधली जमीन खाऊन टाकली. सन १८०७ पासून या बेटावर इंग्रजांचा अंमल होता. तेथील रहिवासी मासे पकडावे, परक्या जहाजांस वाट दाखवावी व कड्याच्या माथ्यावरील थोडक्या जमिनींत बटाटे लावावे, अशा रीतीनें आपला निर्वाह करीत.

अशा ठिकाणीं पक्ष्यांचें काय काम, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर बेटाच्या जागेंतच आहे. उत्तर युरोपांतील कोट्यवधि पक्षी शरद् ऋतूंत थंडीस भिऊन दक्षिणेकडे व पश्चिमेकडे जातात आणि वसंतांत परततात. त्यांच्या वाटेवर हा अफाट समुद्र पसरलेला, आणि त्यांत विसाव्यास जमीन काय ती एवढीच. त्यांतून बेटावर त्या काळीं मोठे वृक्ष जवळजवळ नव्हतेच. घनदाट रानांत उतरलेलें चिमुकलें पांखरूं कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. पण येथें त्यास लपावयास बटाट्याचा वाफा किंवा परसांतील एखादें झुडूपच मिळे. म्हणून इतरत्र जें नजरेआड होतें, तें येथें नजरेसमोर येई. अंधाऱ्या, ढगाळ रात्रीं तर दीपगृहाच्या उजेडाभोंवतीं चंडोल आणि कस्तुर जातीचे पक्षी हजारोंनीं घिरट्या घालीत, जणूं उजेडांत पांढऱ्या ठिणग्याच उडत आहेत.

बेटावरील लोकांस या पक्ष्यांची ओळख पोटासाठीं झालेली होती. ते वाळक्या डहाळ्या जमिनींत रोंवून कृत्रिम झुडुपें उभारीत व त्यांस जाळीं लावून कस्तुर पक्षी धरीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या उद्योगामुळें तेथील कोळ्यांचे डोळे व कान मोठे तिखट झाले होते. नेहमींचा पक्षी कोणता आणि परका कोणता, हें ते नुसत्या आवाजावरून ओळखीत. गेट्के यांनीं या निरक्षर ज्ञानाची किंमत ओळखली. आपण शहरांतून आलेले चित्रकार, आणि हे तर कोळी, असा अहंकार त्यांनीं बाळगिला नाहीं. ते त्यांचे शिष्य झाले आणि पुढें त्यांच्याच साह्यानें जगाचे गुरु झाले.

हळूहळू रंगाच्या पेटीबरोबर बंदूक आणि नोंदवही त्यांच्या नित्याच्या सोबती झाल्या. इंग्रज गव्हर्नराच्या कचेरींत त्यांस सरकारी चिटणीसाची जागा मिळाली, त्यामुळें बेटावरील वास्तव्य स्थिर झालें. कचेरीचें काम, चित्रें आणि पक्षी असा त्यांचा तिहेरी संसार होता. वारा कोणत्या दिशेचा, आकाश कसें, कोणत्या तारखेस कोणते पक्षी आले व किती आले, हें ते टिपून ठेवीत. एका दिवसाची अशी टिपणी पाहिली तर ती क्षुल्लक वाटेल. पण एकाच जागीं, एकाच माणसानें, सुमारें पन्नास वर्षें केलेल्या टिपणांचा ढीग क्षुल्लक राहत नाहीं.

आतां त्यांच्या कीर्तीचें मुख्य कारण जें भटके पक्षी, त्यांकडे वळूं. पर्णवटवट्या म्हणून ज्या चिमुकल्या हिरवट पांखरांस म्हणतात, त्यांत पिवळ्या भुंवईची एक जात आहे. तिचें वजन आपल्या जुन्या मापानें अर्ध्या तोळ्याच्या आसपास. ही जात उन्हाळ्यांत सैबेरियाच्या अरण्यांत घरटें करते आणि हिवाळ्यासाठीं आशिया खंडाच्या दक्षिण व आग्नेय भागांकडे जाते. तिची वाट युरोपाकडे नाहींच. असें असतां गेट्के यांस हें पांखरूं हेलिगोलंडवर शरद् ऋतूंत एकदां नव्हे, तर पुनःपुन्हां आढळलें. युरोपांतील पंडितांस ही वार्ता सहजासहजीं पटण्यासारखी नव्हती. ज्या पक्ष्याचें घर हजारों मैल दूर, तो एका टीचभर खडकावर वारंवार कसा येईल? एखाद्या हौशी चित्रकाराचा डोळा फसला असेल, असेंच कोणासही वाटावें.

अशा शंकेस गेट्के यांचें उत्तर वादविवादाचें नव्हतें. त्यांनीं मारलेले पक्षी पेंढा भरून, तारीख लावून, संग्रहांत ठेवलेले असत. येथें आम्हांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. समुद्र ओलांडून, थकून भागून आलेल्या जिवास गोळी घालावी, हें वाचून आमच्या बालवाचकांस वाईट वाटेल, आम्हांसही वाटतें. परंतु त्या काळीं आजच्यासारख्या दुर्बिणी नव्हत्या, उडत्या पक्ष्याचें छायाचित्र घेण्याची सोय नव्हती आणि पक्षी हातांत असल्याशिवाय त्याची जात निश्चित करणें बहुधा अशक्य होतें. त्या विद्येनें ही किंमत दिली आहे, हें आपण विसरूं नये. आणि आज ती देण्याचें कारण उरलेलें नाहीं, हेंही विसरूं नये.

इंग्लंडांतील शेफील्ड शहरचे पोलादाचे कारखानदार हेन्री सीबोम यांस पक्ष्यांचा मोठा नाद होता. त्यांनीं हेलिगोलंडास जाऊन गेट्के यांची भेट घेतली व तेथील पक्ष्यांचे लोंढे स्वतः पाहिले. पुढें सन १८७७ मध्यें हेच गृहस्थ सैबेरियांतील येनिसे नदीच्या खोऱ्यांत गेले आणि तेथें त्यांस पिवळ्या भुंवईच्या त्या पांखराचें घरटें सांपडलें. येनिसे नदीच्या त्या भागापासून हेलिगोलंड अडीच हजार मैलांहून दूर आहे! एका टोंकास घरटें आणि दुसऱ्या टोंकास बटाट्याच्या वाफ्यांत दडलेलें भटकें पांखरूं, अशीं दोन टोंकें मनुष्याच्या ज्ञानांत एकत्र आलीं. इतकें अंतर अर्ध्या तोळ्याच्या जिवानें आपल्या पंखांवर कापलें, ही कल्पना मनांत आणली म्हणजे माणसाचा गर्व थोडा उतरल्यावांचून राहत नाहीं.

पूर्वेकडून जसे पक्षी आले, तसा पश्चिमेकडूनही एक पाहुणा आला. सन १८५८ च्या नोव्हेंबरच्या १९ व्या तारखेस हेलिगोलंडवर एक लहान गाणारा पक्षी मिळाला. त्याचा गळा काळा, पाठ हिरवट व गाल पिवळे. या जातीचें घर कानडाच्या व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या अरण्यांत असून हिवाळ्यांत ती मध्य अमेरिकेकडे जाते. तिच्या व हेलिगोलंडच्या मध्यें सारा अटलांटिक महासागर आहे. युरोपांत ही जात सांपडल्याची ती पहिलीच नोंद होय. वादळी पश्चिम वाऱ्यांनीं असे पक्षी समुद्रावर लोटले जातात, आणि मध्येंच कधीं जहाजाच्या डोलकाठीवर विसावा घेऊनही ते पार होतात, असें आतां दिसून आलें आहे.

येथवर गेट्के यांनीं नवलांचा संग्रह केला, एवढेंच आम्हीं सांगितलें असतें, तर त्यांची थोरवी पुरी सांगितली असें झालें नसतें. नवलें पुष्कळ लोक जमवितात. गेट्के यांनीं त्यांतून प्रश्न काढले. सैबेरियांतून येणारी एक मोठी तीरचिमणी, जिला रिचर्ड नांवाच्या फ्रेंच गृहस्थावरून नांव पडलें आहे, ती हेलिगोलंडवर शरदांत इतक्या वेळां दिसे, कीं तिला केवळ वाट चुकलेली म्हणणें त्यांस जड वाटूं लागलें. ही तीरचिमणी हिवाळ्यांत आपल्या हिंदुस्थानांतही येते. जिचा मार्ग आग्नेयेचा, तिच्या जातीचे कांहीं पक्षी दरवर्षीं पश्चिमेस कां जातात? हा प्रश्न त्यांनीं मांडून ठेवला. तसेंच उन्हाळ्यांत प्रथम येणारे साळुंकीच्या कुळांतील स्टार्लिंग पक्षी हे सारे कोवळ्या पिलांचेच थवे असतात व त्यांचे आईबाप कित्येक आठवड्यांनीं मागाहून येतात, हेंही त्यांनीं नोंदलें. यावरून पिलास वाट दाखवावयास वडील माणूस बरोबर नसतें. तें उपजत ज्ञानानेंच निघतें, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. भटक्या पक्ष्यांचें कोडें उलगडण्याची एक किल्ली या निरीक्षणांत होती, हें पुढें दिसून येईल.

सन १८९० मध्यें इंग्रजांनीं एका तहान्वयें हेलिगोलंड जर्मनीस दिलें. राज्य बदललें, निशाण बदललें, पण पक्ष्यांची वाट बदलली नाहीं, आणि गेट्के यांची नोंदवहीही मिटली नाहीं. दुसऱ्याच वर्षीं, सन १८९१ मध्यें, त्यांचा मोठा ग्रंथ जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला. त्याच्या नांवाचा अर्थ हेलिगोलंड येथील पक्ष्यांच्या पहाऱ्याचें ठाणें असा होतो. त्या वेळीं ग्रंथकाराचें वय सत्याहत्तर वर्षांचें होतें. एवढ्याशा खडकावर आढळलेल्या पक्ष्यांच्या सुमारें चारशें जातींचें वर्णन त्यांत आहे. सन १८९५ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर एडिंबरो येथें निघालें. सन १८९७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस गेट्के यांनीं त्याच बेटावर इहलोकची यात्रा संपविली.

थोरांचीं चरित्रें सांगतांना त्यांचे दोष झांकण्याची चाल आहे. आम्हांस ती पसंत नाहीं. विशेषतः येथें तर नाहींच, कारण गेट्के यांच्या चुका त्यांच्या यशाइतक्याच शिकण्यासारख्या आहेत. निळ्या कंठावर तांबडा ठिपका असलेला एक सुंदर पक्षी वसंतांत हेलिगोलंडवर येतो. त्याच जातीचे पक्षी हिवाळ्यांत आपल्याकडील तळ्यांच्या कांठच्या लव्हाळ्यांतही दिसतात. हा पक्षी आफ्रिकेंत हिवाळा काढतो व मधल्या देशांत फारसा कोणास दिसत नाहीं. तेव्हां तो एका रात्रींतच, मध्यें न थांबतां, तेथून हेलिगोलंडपर्यंत येत असला पाहिजे, असें गेट्के यांनीं ठरविलें. त्यावरून त्याचा वेग ताशीं दोनशें मैलांच्या आसपास निघाला! वास्तविक असे लहान पक्षी ताशीं वीस ते पस्तीस मैलच जातात आणि वाटेंत ठिकठिकाणीं दिवसचे दिवस मुक्काम करतात. मधल्या देशांत ते दिसले नाहींत, कारण तेथें गेट्के यांच्यासारखा पाहणारा नव्हता आणि हेलिगोलंडसारखा उघडा खडकही नव्हता. तसेंच पक्षी पसतीस हजार फुटांवरूनही, म्हणजे एव्हरेस्ट शिखराहूनही उंचावरून, प्रवास करतात असें ते मानीत. आणि पूर्ण वाढलेल्या पिसाचा रंग तें पीस न गळतां आंतूनच पालटतो, असेंही त्यांचें मत होतें. या दोन्ही गोष्टी पुढें टिकल्या नाहींत.

यांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी. जें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें व त्याच दिवशीं लिहून ठेवलें, तें लोकांस अविश्वसनीय वाटलें तरी बहुतेक खरें ठरलें. जें त्यांनीं पाहिलें नव्हतें, केवळ तर्कानें जोडलें, तें त्यांस स्वतःस अगदीं खात्रीचें वाटूनही खोटें ठरलें. मनुष्य एकच, बुद्धि एकच, प्रामाणिकपणाही तोच. फरक काय तो पाहण्यांत आणि कल्पण्यांत.

गेट्के यांच्या मागें त्यांचें कार्य थांबलें नाहीं. डेन्मार्कमधील व्हीबॉर्ग गांवच्या हान्स ख्रिस्तियान मॉर्टेन्सेन या शाळामास्तरांनीं सन १८९९ मध्यें १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत आंकडे घातलेलीं अल्युमिनमचीं हलकीं कडीं घातलीं आणि त्यांस सोडून दिलें. तेव्हांपासून पक्षी न मारतां त्याची ओळख ठेवण्याची युक्ति जगास मिळाली. सन १९१० मध्यें ह्यूगो वायगोल्ड यांनीं हेलिगोलंडवर पक्षिनिरीक्षणाचें कायमचें ठाणें स्थापिलें, त्यास नांव गेट्के यांच्या ग्रंथाचेंच मिळालें. तेथें झुडुपांवरून निमुळतें होत जाणारें जाळीचें एक मोठें घर तयार झालें. पक्षी त्यांत शिरतो, शेवटच्या पेटींत येतो, कडें घेऊन सुखरूप बाहेर पडतो. या रचनेस आज देशोदेशीं हेलिगोलंडचा सांपळा असेंच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धांत, सन १९४५ च्या एप्रिलमध्यें, बेटावर भयंकर बाँबवर्षाव झाला, रहिवाशांस बेट सोडावें लागलें आणि सन १९४७ मध्यें तर तेथील लष्करी बांधकाम सुरुंगांनीं उडवून देण्यांत आलें. सन १९५२ मध्यें बेट जर्मनीस परत मिळालें, माणसें परतलीं, ठाणेंही पुन्हां सुरू झालें. पक्षी मात्र मधल्या काळांतही येतच होते.

आणि गेट्के यांचे प्रश्न? त्यांचीं उत्तरें सावकाश येत गेलीं. सन १९५८ मध्यें हॉलंडमधील पेर्डेक नांवाच्या शास्त्रज्ञांनीं एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. हेग शहराजवळ पकडलेले अकरा हजारांवर स्टार्लिंग विमानानें स्वित्झर्लंडमध्यें नेऊन सोडले होते. ज्यांनीं पूर्वीं एकदां प्रवास केला होता, ते प्रौढ पक्षी दिशा सुधारून आपल्या नेहमींच्या ठिकाणाकडे वळले. पहिल्याच प्रवासास निघालेलीं पिलें मात्र जुन्याच दिशेनें सरळ गेलीं आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनमध्यें जाऊन पोंचलीं. म्हणजे पिलास जन्मतः दिशा माहीत असते, ठिकाण माहीत नसतें. त्या उपजत दिशेंतच चूक असली, किंवा वाऱ्यानें तें एकदां बाजूस लोटलें गेलें, तर सावरण्याचें साधन त्यापाशीं नसतें. वाट चुकून दूर देशीं सांपडणारे पक्षी बहुधा पहिल्या वर्षाचे कां असतात, याचा उलगडा यांत आहे.

दुसरें उत्तर याहून नवें आहे. सन २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें, कीं सैबेरियांतील ती रिचर्डची तीरचिमणी दक्षिण फ्रान्समध्यें हिवाळा काढते, वसंतांत परत सैबेरियांत जाते आणि पुढील वर्षीं पुन्हां तेथेंच येते. जी वाट चुकली असें आपण म्हणतों, तिनें नवी वाटच पाडली होती! सैबेरियांतून आलेलें पिवळ्या भुंवईचें तें पांखरूंही आतां पश्चिम युरोपांत दर शरदांत शेंकड्यांनीं दिसतें. गेट्के यांनीं शंका घेतली होती तिला इतक्या वर्षांनीं बळकटी आली. आपल्या वेळच्या नोंदी त्यांनीं केल्या नसत्या, तर पूर्वीं काय होतें व आतां काय झालें, याची तुलना करावयास आधारच नसता.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांस असें वाटतें, कीं मोठी गोष्ट करावयास मोठें गांव, मोठें महाविद्यालय व मोठीं उपकरणें लागतात. गेट्के यांजपाशीं मैलभर लांबीचा खडक होता. आमच्या वाचकांपाशीं तर शेत आहे, ओढा आहे, शाळेचें आवार आहे. यंदा पहिली भोरडी कोणत्या तारखेस आली, हें ज्या मुलास ठाऊक असेल, त्यानें तें एका वहींत लिहून ठेवावें. पुढील वर्षीं पुन्हां लिहावें. पानाच्या एका बाजूस पाहिलेलें लिहावें, दुसऱ्या बाजूस आपला तर्क लिहावा, आणि मधली रेघ कधीं पुसूं नये. पालकांनींही अशा वहीस पोरखेळ न म्हणतां ती जपून ठेवावी. परकें पांखरूं अंगणांत उतरलेंच, तर दगड न उचलतां पेन्सिल उचलावी. तें कोठून आलें हें आज कोणास सांगतां येणार नाहीं कदाचित्. पण तें आलें होतें, एवढें तरी खरेपणानें नोंदलेलें राहील.